सर्वांत खालची पायरी

ऑफिसातलं काम घरी आणू नये हे पायरीकाकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लोक घरी फाइली आणतात, फार तर वैताग आणतात. काकांनी एक कोष्टक आणलं आणि ते घरातल्या बोळात, आरशाच्या शेजारी, चार खिळे ठोकून लावलं. अठरा वर्षं ते तिथे होतं. त्या अठरा वर्षांत त्या घरात जे काही झालं त्याला ते कोष्टक जबाबदार आहे, आणि कोष्टकाला काका जबाबदार आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माणूस इतका गरीब स्वभावाचा की पुढे तुम्हीच त्याची बाजू घ्यायला लागाल.

काकांचं काम नेमकं काय, हे त्यांच्या बायकोलाही धड सांगता येत नसे. "ते कॉम्प्युटरमध्ये असतात," असं ती सांगायची, जसं काही तिथे त्यांना खोलीच मिळाली होती. खरं तर काम सांगायला सोपं होतं. काकांची कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांसाठी एक छोटी भाषा तयार करायची. साबणवाले, रंगवाले, बिस्किटवाले त्या भाषेत ओळी लिहीत आणि यंत्रं त्या ओळींबरहुकूम चालत. पण लिहिलेली ओळ आधी कुणीतरी वाचून, तिच्यातलं कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे ठरवून यंत्राला सांगायला हवं ना? तो वाचणारा भाग काकांनी लिहिला होता. लिहिला म्हणजे काय, सव्वीस वर्षं तोच लिहीत होते.

"हे बघा," नवीन आलेल्या माणसाला फळ्यापुढे उभं करून ते सांगायचे. "२ + ३ × ४. आता मला सांगा, हा तीन कुणाचा?"

नवीन माणूस फळ्याकडे बघायचा, मग काकांकडे, मग दाराकडे.

"मध्ये उभा आहे बिचारा," काका तीनवर बोट ठेवून म्हणायचे. त्यांच्या आवाजात खरोखरच कणव असायची. "एक हात बेरीज ओढतेय, दुसरा गुणाकार ओढतोय. ज्याच्या अंगात जोर जास्त, त्याच्याकडे तीन जाणार. बेरजेचा जोर दहा, गुणाकाराचा वीस. गेला तीन गुणाकाराकडे. झाले बारा. तोवर बेरीज थांबून राहिली. मग तिने आपले दोन त्यात घातले, झाले चौदा. बेरजेचं ऐकलं असतं तर आले असते वीस आणि बिस्किटांचा कोळसा झाला असता."

कुठल्या चिन्हात किती जोर, याचं एक कोष्टक होतं. जास्त जोराचं चिन्ह वरच्या पायरीवर, कमी जोराचं खालच्या. एकूण अकरा पायऱ्या. त्या काकांना तोंडपाठ होत्या आणि कुणी त्यांतल्या एकीला हात लावायची भाषा केली की हा गरीब माणूस चवताळून उठायचा. एकदा साबण कारखान्याचे मॅनेजर स्वतः जिना चढून आले. बेरजेला गुणाकाराच्या वर बसवा, अशी त्यांची मागणी होती. का, तर शाळेत बेरीज आधी शिकवतात. "सेवाज्येष्ठता म्हणून काही चीज आहे की नाही?" त्यांनी टेबलावर थाप मारून विचारलं. काकांनी त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि दोन तास गुणाकाराची बाजू मांडली. मॅनेजर उठले तेव्हा काकांच्या कंपनीच्या मालकांच्या कानात सांगून गेले की माणूस हुशार आहे पण त्याला सुट्टीची गरज आहे.

या मॅनेजरांचा काकांवर राग होता, त्यालाही कारण होतं. काका नोकरीला नवीन होते तेव्हाची गोष्ट. कारखान्याने ओळ लिहिली होती, १० − ४ − ३. एका पिंपात दहातून चार गेले, मग तीन गेले, उरली तेवढी मापं अत्तर ओतायचं, इतका साधा हिशेब. तीनच मापं. पण इथे मधल्या चारला दोन्हीकडून वजाबाकीच ओढतेय. दोघींचा जोर सारखा. अशा वेळी चार कुणाचा, हे ठरवायचं काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. यंत्राने आपल्या मनाने चार उजवीकडचीला दिला. चारातून तीन गेले, उरला एक, दहातून एक गेला, उरले नऊ. प्रत्येक पिंपात तीनाच्या जागी नऊ मापं गुलाबाचं अत्तर पडलं आणि पुढचे चाळीस दिवस सगळा भाग गुलाबाने दरवळत राहिला. चहा गुलाबाचा, पाव गुलाबाचा, पोलिस चौकीत गुलाब. कुत्र्यांना आपले मालक ओळखू येईनात, ती सगळ्यांवरच भुंकायला लागली. कारखान्यातल्या एका फोरमनचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण तो रोज संध्याकाळी घमघमत यायचा आणि साबणाची सबब त्याच्या होणाऱ्या सासूच्या गळी उतरेना.

मालकांनी काकांना बोलावून चांगलं झापलं. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, जागेवर आले आणि कोष्टकाच्या तळाशी लाल शाईने लिहिलं, "बरोबरी झाली तर डावीकडचा आधी." त्यानंतर सव्वीस वर्षांत एकाही कारखान्यात काही सांडलं नाही. काकांचा त्या एका वाक्यावर फार जीव होता. तेच वाक्य पुढे त्यांना घरात नडलं.

घरात माणसं चार. काका, त्यांची बायको, थोरली बहीण आणि मुलगी बिट्टी. बायको दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायची. दिवसभर दुखऱ्या माणसांना "बसा, बोलावते" असं सांगणारी ही बाई स्वतः मात्र कुणाकडूनही ते वाक्य ऐकून घ्यायला तयार नसे. थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती. लांबच्या गावचे फोन जोडून देताना तीस वर्षं ओरडून ओरडून तिचा आवाज असा तयार झाला होता की तिने हळू बोलायचं ठरवलं तरी शेजारचे आपला टीव्ही बंद करून ऐकत. बिट्टी तेव्हा सहा वर्षांची होती.

एका रविवारी सकाळी काका बोळात उभे असताना स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, तो वरचा डबा जरा काढून देता का?" त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून अक्काची, "अरे, जरा इकडे ये, सुईत दोरा ओवून दे." काकांनी एक पाऊल स्वयंपाकघराकडे टाकलं. अक्काने पुन्हा हाक मारली. त्यांनी पाऊल मागे घेतलं. बायकोने पुन्हा हाक मारली. असं चांगली चाळीस मिनिटं चाललं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून घराबाहेर पडला असता. काकांचा चेहरा मात्र उजळला. कारण चाळिसाव्या मिनिटाला त्यांना उमगलं की आपण फळ्यावरचा तो तीन आहोत.

दुसऱ्या दिवशी कोष्टक लागलं. अक्का सत्तर, बायको साठ, ऑफिसचा फोन पन्नास, दारावरची बेल चाळीस, असं करत करत खाली. सर्वांत खालच्या पायरीवर बिट्टी. तिचा जोर एक.

आता हा एक आकडा काकांनी का दिला, ते समजून घ्यायला हवं, नाहीतर माणूस निर्दय वाटेल. त्यांच्या ऑफिसच्या कोष्टकात सर्वांत खालच्या पायरीवर बरोबरचं चिन्ह असायचं. पिंप = २ + ३ × ४, अशी ओळ असली की गुणाकार आपलं काम करतो, बेरीज आपलं करते, आणि सगळ्यांचं सगळं आटपलं की शेवटी बरोबर पुढे येतो आणि जे काही झालं ते उचलून पिंपात टाकतो. जोर सर्वांत कमी, पण सगळी ओळ त्याच्यासाठी राबलेली. तीच ओळ झाडासारखी काढून दाखवली तर शेंड्यावर बरोबरचं चिन्ह बसतं आणि बाकीचे त्याच्याखाली लोंबतात. काकांच्या लेखी त्याच्याइतका मान कुणालाच नव्हता. बिट्टीच्या नावापुढे एक लिहिताना त्यांचा ऊर भरून आला होता. फक्त ही गोष्ट त्यांनी बिट्टीला सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही. ती उघड आहे असं त्यांना वाटलं.

बायकोला काही एकची काळजी नव्हती. तिला साठ दिसले. वर सत्तर दिसले. तीन दिवस चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी काकांनी साठ खोडून सत्तर केले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पण आता दोघींचा जोर सारखा झाला, आणि याही कोष्टकाच्या तळाशी काकांनी लाल शाईत तेच वाक्य उतरवलेलं होतं, ते दोघींनी वाचलं होतं.

त्या दिवसापासून दोघी काकांच्या डावीकडे उभ्या राहू लागल्या. काका दात घासत असले की बायको येऊन डावीकडे उभी राहायची. अक्का मागून वळसा घालून तिच्याही डावीकडे यायची. बायको मग अक्काच्या डावीकडे. अशा दोघी भिंतीपर्यंत सरकत गेल्या की काकांना वळावं लागे, आणि वळले की डावं उजवं बदलून सगळं पहिल्यापासून सुरू. यावर काकांनी एक तोड काढली. ते डावा खांदा भिंतीला घासत चालू लागले, म्हणजे त्या बाजूला कुणाला शिरताच येऊ नये. घरच्या भिंती चुन्याच्या. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचा डावा खांदा कायमचा पांढरा झाला. ऑफिसात लोकांना वाटायचं, काकांना एकाच बाजूने वय होतंय.

मग बायकोला कंसाचा शोध लागला. कुणीतरी तिला सांगितलं की यांच्या भाषेत कंस घातला की जोरबीर काही चालत नाही, कंसाच्या आतलं काम सगळ्यांच्या आधी. काका खोलीत शिरले तसं तिने मागून दार लावून घेतलं, पाठ दाराला टेकली आणि म्हणाली, "हा झाला कंस. आता पडद्याचा दांडा बसवा." नियमात बसत होतं, काकांनी दांडा बसवला. दुसऱ्या दिवशी अक्काने त्यांना स्वयंपाकघरात कोंडलं. तिसऱ्या दिवशी बायकोने खोलीत, आणि खोलीच्या आत पुन्हा कपाटामागे. कंसात कंस चालतो, हेही तिने विचारून घेतलं होतं. महिनाभरात काकांच्या नाकी नऊ आले आणि एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरातली आतली सगळी दारं काढून टाकली. मोरीचं तेवढं ठेवलं, तेही बिट्टीने विनवण्या केल्या म्हणून. पुढे कैक वर्षं ती दारं पलंगाखाली पडून होती.

आकडे तर वाढतच गेले. बायकोने आजारपणात एकाहत्तर मागून घेतले. अक्काने बहात्तर केल्याशिवाय पेन्शनच्या कागदावर सही करणार नाही म्हणून सांगितलं. बिट्टी चौथीत गेली तोवर दोघी शंभराच्या वर होत्या, आठवीत गेली तेव्हा हजारांत. वरच्या मजल्यावर एक घड्याळवाले राहत, घड्याळं दुरुस्त करणारे. ते एकदा वाटीभर साखर मागायला आले आणि कोष्टक पाहून हरखले. त्यांनाही आकडा हवा होता. भिडेखातर काकांनी पस्तीस दिले. दिलेला आकडा वाया जाऊ नये म्हणून घड्याळवाले रोज खाली येऊन काही ना काही मागू लागले. कधी हातोडी, कधी वर्तमानपत्र, आणि काहीच सुचलं नाही तर, "जरा माझ्याबरोबर वरपर्यंत चला," असं म्हणायचे.

पस्तीस म्हणजे बिट्टीच्या वरच की.

"बाबा, सायकलची साखळी पडली."

"थांब, आलोच," काका म्हणायचे आणि अक्काची खुर्ची सरकवायला जायचे. खुर्ची सरकवून परत फिरले की बायकोची हाक. ती संपली की बेल. बेल वाजवणारे घड्याळवाले.

"बाबा, शाळेच्या फॉर्मवर सही."

"थांब, आलोच."

खोटं बोलत नव्हते हो. खरंच यायचं होतं. पण पुढून जास्त जोराची हाक आली की हातातलं कमी जोराचं काम थांबवून ठेवायचं, हा त्यांच्या हाडात भिनलेला नियम. बिट्टीला राग आला तरी ती आदळआपट करणारी नव्हती. साखळी ती स्वतः बसवायला शिकली. फॉर्मवर आईची सही घ्यायला शिकली. पुढे स्वयंपाक शिकली, त्यात तिचा हात चांगला बसला आणि दोन मोठ्या खाणावळींत तिने कामही केलं. चोविसाव्या वर्षी तिला मालवाहू जहाजावर आचाऱ्याची नोकरी लागली. एकदा जहाज सुटलं की नऊ महिने परत यायचं नाही. शनिवारी सकाळी अकराला निघायचं होतं.

ही बातमी तिने बाबांना सोमवारी सांगायला घेतली होती. काका म्हणाले होते, "थांब, आलोच." ते आले शुक्रवारी, सकाळच्या चहाच्या वेळी. अक्का आंघोळीला गेली होती, बायको दवाखान्यात, आणि घड्याळवाल्यांचा पाय मुरगळला होता.

"हं, बोल," काका तिच्यासमोर बसत म्हणाले. "काहीतरी सांगत होतीस."

बिट्टीने सांगितलं. काकांनी कपबशी खाली ठेवली.

"उद्या?"

"उद्या."

"नऊ महिने?"

"नऊ."

काकांना वाटलं, आता तरी हिला ते सांगावं. त्यांनी टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने झाड काढलं. शेंड्यावर बरोबरचं चिन्ह काढलं, खाली बाकीची चिन्हं लोंबवली. "तुला एक दिला होता ना मी," ते म्हणाले, "तो खालचा म्हणून नव्हे गं. हे बघ. ज्याचा जोर सर्वांत कमी, तो सगळ्यात वर येतो. बाकी सगळं त्याच्यासाठीच चाललेलं असतं. तू इथे आहेस. पहिल्यापासून."

बिट्टीने झाड नीट बघितलं. तिला ते कळलं. हुशार होती, एका नजरेत कळलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण बाबा, तुमच्या यंत्रातली ओळ संपते. म्हणून शेवटच्याची पाळी येते. आपल्या घरातली ओळ संपतेच कुठे? एकीचं झालं की दुसरीचं, दुसरीचं झालं की बेल. झाडाच्या शेंड्यावर बसून मी अठरा वर्षं वाट बघतेय."

सव्वीस वर्षांत काकांच्या कामात इतकी अचूक चूक कुणी काढली नव्हती.

"मी रागावलेली नाही," बिट्टी उठत म्हणाली. "पण उद्या बंदरावर येऊ नका. वाटेत कुणीतरी हाक मारणार, तुम्ही थांब, आलोच म्हणणार, आणि मी जहाज सुटेपर्यंत मान वर करकरून रस्त्याकडे बघत उभी राहणार. ते मला नकोय. त्यापेक्षा इथेच अच्छा करू."

तेवढ्यात मोरीतून अक्काचा आवाज आला, टॉवेल हवा होता. काका उठले. उठल्यावर त्यांना कळलं आपण उठलो. पण तोवर टॉवेल हातात होता.

त्या दिवशी ऑफिसात त्यांनी आपला जुना वाचणारा भाग उघडला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. त्यात सगळं तसंच होतं. पुढचं चिन्ह जास्त जोराचं असेल तोवर मागच्याने थांबायचं. पुढचं बघ, थांब, पुढचं बघ, थांब. मग हे संपतं कसं? त्यांनीच लिहिलं होतं, पण इतक्या वर्षांत त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी यंत्र आपण होऊन एक खूण लावतं, ओळ संपल्याची. त्या खुणेचा जोर शून्य. ती कुणालाच ओढत नाही, काहीच मागत नाही. पण ती दिसली की तिच्यापुढे प्रत्येकाचा जोर जास्त ठरतो, त्यामुळे थांबलेल्या प्रत्येकाला आपलं काम आटपून मोकळं व्हावं लागतं. अगदी एकवाल्यालासुद्धा. ही खूण नसती तर यंत्र जन्मभर पुढचं चिन्ह यायची वाट बघत बसलं असतं. घरच्या कोष्टकात काकांनी ती लावलीच नव्हती. मालक जवळून गेले, त्यांनी काहीतरी विचारलं, ते काकांना ऐकू आलं नाही.

शनिवारी आठ वाजता बिट्टी आई आणि आत्याच्या पाया पडून पेटी घेऊन निघाली. काकांनी दारातून हात हलवला, ठरल्याप्रमाणे. साडेआठला त्यांनी सदरा चढवला, चपला घातल्या, आणि बोळातून बाहेर पडायला निघाले.

"अहो, खिडकी अडकलीय, जरा बघता का?" बायकोचा जोर एव्हाना नव्वद हजार होता.

"अरे, माझा चष्मा कुठे दिसतोय का?" अक्काचा एक लाख दहा.

बेल वाजली. दारात घड्याळवाले, काठी टेकत. "काही नाही, म्हटलं जरा वरपर्यंत याल का."

काका बोळाच्या मधोमध थांबले. डावा खांदा भिंतीपासून सुटा होता. त्यांच्या पायांना दोन्हीकडे, तिन्हीकडे जायचं होतं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कोष्टकावर सगळ्यांत खाली, बिट्टीच्याही खाली, स्वतःचं नाव लिहिलं. पुढे शून्य.

"ओळ संपली," ते म्हणाले.

"म्हणजे काय?" बायको बाहेर येत म्हणाली.

"म्हणजे ज्याचं त्याने आटपा. माझ्यापुढे तुम्ही सगळेच जोरदार आहात."

वाटेत लावून घ्यायला आत दार उरलं नव्हतं. घड्याळवाल्यांनी काठी आडवी धरली, पण नियमाप्रमाणे शून्याकडून काही मागताच येत नाही हे त्यांनाच पटलं असावं, कारण त्यांनी ती खाली घेतली. काका रस्त्यावर पोचले तेव्हा वरून अक्काचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू येत होता. ती भावाला नव्हे, भावजयीला विचारत होती की चष्मा आपल्याच डोक्यावर आहे हे आधी का नाही सांगितलं.

बंदराला जायला दोन बस बदलाव्या लागतात. पहिली वेळेवर आली, दुसरी आली नाही. काका शेवटचा दीड मैल पळत गेले. पन्नाशीच्या पुढचा माणूस, उभ्या आयुष्यात कधी धावला नव्हता. ते धक्क्यावर पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

जहाज होतं. क्रेन बिघडली होती, अर्धा माल खालीच होता. बिट्टी आपल्या पेटीवर बसून केळं खात होती. तिने बाबांना पाहिलं आणि केळं तसंच हातात राहिलं.

"कुणाला घेऊन आलात?" तिने त्यांच्या मागे बघत विचारलं.

"कुणाला नाही."

"मग परत कधी जायचंय?"

"ओळ संपलीय," काका धापा टाकत म्हणाले. ते तिच्या शेजारी पेटीवर टेकले. "आता तुझी पाळी. बोल. तुझं काय काय राहिलंय?"

बिट्टी हसली, मग तिने खरंच आठवायला घेतलं. सायकल विकून पाच वर्षं झाली होती. फॉर्म भरून झाले होते. ज्या गणितात ती अडली होती ते पुढे तिला कधी लागलंच नाही. शाळेतलं नाटक होऊन गेलं होतं. ज्या मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून ती तेरा वर्षांची असताना बाबांकडे सल्ला मागायला गेली होती, ती मैत्रीण आता दुसऱ्या देशात दोन मुलांची आई होती.

"काहीच नाही हो राहिलं," ती म्हणाली.

पाळी आली होती, यायला अठरा वर्षं लागली होती, आणि करायला कामच उरलं नव्हतं. काकांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"एक आहे," बिट्टी म्हणाली. "पण ते आता वेड्यासारखं दिसेल."

"सांग."

"मी सात वर्षांची होते. तुम्हाला म्हटलं होतं, बाबा, इकडे बघा ना, मला कोलांटउडी येते."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, थांब, आलोच."

ती पेटीवरून उठली. चप्पल काढून ठेवली, नव्या पँटचे पाय दुमडले, केसांचा बुचडा घट्ट केला. माल उचलणारे चार-पाच हमाल हातातलं काम सोडून बघायला लागले. जहाजाच्या कठड्यावरून एक खलाशी वाकला. ही त्यांची नवी आचारी, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

"बघताय ना?"

"बघतोय."

तिने दोन्ही हात जमिनीला टेकले, डोकं आत घेतलं आणि अंग झोकून दिलं. कोलांटउडी वाकडी गेली. सात वर्षांच्या अंगाला जमणारी गोष्ट चोवीस वर्षांच्या अंगाने केली होती. ती दोरखंडाच्या ढिगावर जाऊन आडवी पडली आणि तिथूनच तिने मान वर केली.

त्याच वेळी मागून क्रेनवाला ओरडला, "ओ काका! बाजूला व्हा, क्रेन चालू झालीय! काका, इकडे बघा!" हमालांनी हाका मारल्या. खिशातला फोन वाजायला लागला.

"पाहिलंत?" बिट्टीने विचारलं.

काकांनी मान वळवली नाही. "पाय वाकले," ते म्हणाले. "पुन्हा कर."

ती उठली, हातांची धूळ झटकली आणि तिने पुन्हा केली.